पिवळा न पडणारा उजेड

आबा, मागच्या महिन्यात मी एक टॉर्च घेतला. तुम्ही त्याला बॅटरीच म्हणाला असता. तळहातात मावतो, जाड मार्कर पेनाएवढाच आहे, पण चालू केला की समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिवसासारखी दिसते. आत एकच सेल आहे आणि तोही चार्जिंगचा. मोबाईलच्या वायरीवर चार्ज होतो. बाजूला मुंगीच्या डोक्याएवढा दिवा आहे, तो हिरवा असतो आणि सेल संपत आला की लाल होतो. दुकानदार म्हणाला, "काकू, हा पोलीस लोक वापरतात. तुम्हाला एवढ्या पॉवरचा कशाला?" मी म्हटलं, "आमच्याकडे लाईट जाते." सांगलीच्या विश्रामबागेत आता तेवढी लाईट जात नाही हे त्यालाही ठाऊक असणार, पण तो गिऱ्हाईकाशी वाद घालणाऱ्यांतला नव्हता. घरी येऊन टॉर्च चार्जिंगला लावला आणि ओट्यापाशी उगीचच उभी राहिले. पुढ्यात चहा होता, तो निवला. मला साताऱ्याचं तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्याच्या वरचा तो एकुलता एक प्लग, त्यात खुपसलेला काळा चार्जर आणि त्याच्यावरचा लाल ठिपका. मिक्सर लावायचा तर चार्जर काढावा लागायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "चटणी पाट्यावर वाट की. त्या सेलांचं प्वाट भरू दे."

तुम्हाला पत्र लिहिण्याची सवय मला कधीच नव्हती. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून लिहायचे ती आईला, आणि खाली एक ओळ तुमच्यासाठी. ती इंग्रजीत लिहायची हा तुमचाच हुकूम होता. तुम्ही ती ओळ युनिटमधल्या कुणा साहेबाला दाखवायचात म्हणे. आता मराठीत लिहिते आहे, सगळंच्या सगळं तुम्हाला.

आई गेली त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. साताऱ्यात, गोडोलीच्या पुढच्या त्या घरात तुम्ही एकटे राहत होतात. मी लग्न होऊन इथे सांगलीत, शाळेत शिकवत होते. भाऊ फौजेत, कधी इकडे कधी तिकडे. एका संध्याकाळी तुम्ही गल्लीच्या तोंडाशी गटारात पडलात आणि मनगट मोडलं. "पाय घसारला" म्हणालात. आम्ही ते खरं मानलं, कारण पावसाळा होता आणि शेवाळ होतं. भाऊ रजा काढून आला. तुमच्या प्लॅस्टरकडे बघत त्याने माझ्यासमोर, तुमच्यासमोर, स्पष्ट सांगून टाकलं, "आबा, आणखी एकदा पडलात की घराला कुलूप. मग ताईकडं सांगलीला ऱ्हायचं नाहीतर माझ्याकडं क्वार्टरला. तिसरं न्हाई." माझे मिस्टर म्हणाले, "आमची मागची खोली तयारच आहे." सगळे चांगल्या मनानेच बोलत होते. तुम्ही प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ऑर्डर समजली." एवढंच.

त्याच रजेत भावाने तो टॉर्च तुमच्या हातात दिला. त्याची तुकडी परदेशी मोहिमेवर जाऊन आली होती, तिकडून आणलेला. काळा, लांबलचक, दंडुक्यासारखा जड, आत चार मोठे सेल. आपल्या गावाकडच्या पत्र्याच्या बॅटरीचा उजेड जमिनीवर सांडल्यासारखा पडायचा. याचा उजेड दोरी ताणावी तसा जायचा. तुम्ही अंगणातून तो वर अजिंक्यताऱ्यावर रोखलात आणि खरंच, झाडोऱ्यात कुठेतरी पांढरा ठिपका हलला. "आरं तिच्या," तुम्ही म्हणालात, "हे तर लय झालं!" इतके खूश झालात की मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, फौजी माणसाला फौजी वस्तू मिळाली, म्हणून.

पण तो टॉर्च सेल खात होता. साधे चार सेल घातले की पहिल्या दिवशी लख्ख, मग उजेड मलूल व्हायचा. तुम्ही आपले सगळे जुने उपाय करून पाहिलेत. सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आईच्या वेळी सांडगे वाळायचे तिथेच. खालचा सेल वर, वरचा खाली. उन्हं खाऊन आले की ते घटकाभर बरे चालायचे आणि पुन्हा पिवळे. आम्ही लहान असताना तुम्ही गावाकडे रात्री पिकाला पाणी पाजायला जायचात तेव्हाही तुमचा हाच नेम होता. उजेड पिवळा पडला की हातातलं काम टाकायचं आणि घराकडे वळायचं. पिवळ्या उजेडात घर गाठता येतं, आणि तांबडा झाला तर अंगण तरी गाठता येतं. आमच्याकडून कुणी खेळताना बॅटरी तोंडावर मारली, तर तुम्ही पाठीत धपाटा घालायचात. "ती वाटंसाठी हाय, तोंडासाठी न्हाई." मला एकदाच बसला होता तो धपाटा, पण आजही मी कुणाच्या तोंडावर उजेड पाडत नाही. लाईट गेलेली असताना दारात कोण आलं ते बघायचं असलं तरी आधी त्याच्या पायांवर पाडते.

चार्जिंगचे सेल मी आणले. शाळेच्या कामाला मुंबईला गेले होते तेव्हा तिथल्या बाजारात मिळाले. साताऱ्यात काय, सांगलीतही तेव्हा कुणी ते पाहिले नव्हते. चार सेल, चार्जर आणि घडीचा एक बारीक छापील कागद. कागद इंग्रजीत होता. तुम्ही मला ओट्यापाशी उभं करून तो वाचायला लावलात आणि प्रत्येक वाक्याचं मराठी करायला सांगितलंत. मी करत होते आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, ऑर्डर ऐकावी तसे. आधी रात्रभर चार्ज करा. नवे आणि जुने एकत्र घालू नका. साधे सेल यात घालू नका. आगीत टाकू नका. "आगीत कोण टाकतंय?" तुम्ही म्हणालात. "पुडं वाच." पुढे काही नव्हतं, दुसऱ्या भाषांमध्ये तेच होतं. "कान्व्हेंटचं पैसं वसूल झालं आज," म्हणत तुम्ही कागदाची घडी करून देवाच्या फळीवर ठेवलीत. मग संध्याकाळी दारात उभं राहून टॉर्च लावलात. पांढरा, सरळ, जराही न हलणारा उजेड. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशीही. मी सांगलीला परत गेल्यावर तुम्ही कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केलात. "पोरी, हे सेल म्हातारंच हुईनात गं!"

त्या कागदात एक गोष्ट लिहिलेली नव्हती, आणि ती मलाही ठाऊक नव्हती. साधा सेल हळूहळू संपतो आणि संपताना सांगतो. चार्जिंगचा सेल शेवटपर्यंत तेवढ्याच जोरात चालतो आणि मग एकदम बसतो. पिवळा पडत नाही. ज्याने आयुष्यभर पिवळ्या उजेडाकडे बघून घराची वाट धरली, त्याच्या हातात आम्ही न पिवळा पडणारा उजेड दिला होता.

तुम्ही घर रंगवलंत तेही त्याच सुमाराला. म्हणजे घर नाही, कडा. पुढच्या दाराच्या पायऱ्यांच्या कडांना चुना, न्हाणीच्या उंबऱ्याला चुना, परड्यातल्या चाफ्याच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुना, हौदाच्या काठाला चुना. मी दिवाळीला आले तर अंगण परेडच्या मैदानासारखं दिसत होतं. मिस्टर हसून म्हणाले, "आबा, आता एक कोंबडा राहिलाय, त्यालाही पट्टे मारा." तुम्ही म्हणालात, "फौजेत शिकलोय, हलतंय त्याला सलूट मारायचा, हलंना त्याला चुना मारायचा." सगळे हसले. मीही हसले. माझी मुलगी चाफ्याच्या बुंध्याला सलाम ठोकत फिरत होती. फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला सगळं रंगवायची सवय असते, साताऱ्यात तर दर चार घरांत असा एक चुन्याचा डबा सापडतो. आणखी कसला विचार कोण करणार?

त्या दिवाळीत संध्याकाळी लाईट गेली होती आणि माझ्या मुलीने तुमचा टॉर्च घेतला होता. भिंतीवर ससा, कुत्रा, हरीण. तुम्ही तिला अडवलं नाहीत, उलट बोटं कशी धरायची ते दाखवत होतात. लाईट उशिरा आली, पुन्हा गेली. पहाटे तुमचा गडावर जायचा नेम होता, आणि मी म्हटलं, आज मीही येते. तुम्ही दारात टॉर्च लावून पाहिलात. लख्ख. "पांढरी हाय, चल," म्हणालात. कानटोपी, मफलर, हातात तो काळा दंडुका. मी साडीवर स्वेटर घातलेला आणि मागून तुमच्या वेगाने चालताना माझी दमछाक होत होती. तुम्ही उजेडाचा गोळा बरोबर पावलांच्या पुढे ठेवत होतात, कुठेही इकडेतिकडे नाही. मला आठवतं, मी म्हटलं, "आबा, जरा वर मारा ना, झाडं बघू," तर तुम्ही म्हणालात, "झाडं येताना बग."

अर्ध्या चढावर, एका वळणाच्या अलीकडे, तो गेला. दोनतीन पावलांत तांबूस झाला आणि विझला. तुम्ही होतात तिथेच थांबलात. मी दोन पावलं पुढे जाऊन वळले. तुमचा एक पाय पुढे होता, टाच टेकलेली आणि चवडा अजून वर. तुम्ही टॉर्च तळहातावर आपटलात, झाकण पिळून पाहिलंत, "सेल हललं आसतील" म्हणालात. बटण दाबलंत, सोडलंत. मी तुमच्याकडे बघत होते, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की मला तुम्ही दिसताय. मफलरच्या रेघा दिसताहेत. रस्त्याच्या कडेचे दगड, त्यांच्यामधलं वाळलेलं गवत, खाली गावातले दिवे फिके पडलेले. पूर्वेकडे आभाळ राखेसारखं झालं होतं आणि वरून एक माणूस टॉर्चशिवाय, दोन्ही हात हलवत, खुशाल उतरत येत होता. तुमचे डोळे सताड उघडे होते आणि तुम्ही माझ्या कानाच्या वर, जिथे मी नव्हतेच तिथे, बघत होतात.

"आज काळोख लय हाय, न्हवं?" तुम्ही विचारलंत.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सचा तास असायचा. सिस्टर सांगायच्या की खोटं ते खोटं, लहान-मोठं असं काही नसतं. मी म्हटलं, "हो आबा. खूप अंधार आहे."

तुम्ही कान टवकारलेत. मग म्हणालात, "मग ही पाखरं का कालवा कराय लागल्यात?"

खरंच करत होती. सगळ्या उतारावर नुसता गलका चालला होता. मी म्हटलं, "त्यांना अजून कळलं नसेल."

"पाखरास्नी कळंना, म्हंजी लयच आंधार," तुम्ही म्हणालात आणि हसलात. आवाज न करता, खांदे हलवून, आईने पकडल्यावर हसायचात तसे. मग हात पुढे केलात. मी तो धरला आणि तुम्हाला कडेच्या दगडावर बसवलं.

तो उतरणारा माणूस तुमच्या ओळखीचा निघाला, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर. लांबूनच ओरडले, "काय सुभेदार, आज गाडी घाटातच बंद?"

"लेकीला दम लागलाय," तुम्ही आवाजाच्या दिशेला तोंड करून तेवढ्याच जोरात म्हणालात. "सांगलीचं सपाट मानूस हाय. चढ ठाव न्हाई."

"आवं, मग पाणी तरी द्या तिला! ताई, आठ दिवस रोज या, पळत चढाल."

मी पदराने कपाळ पुसलं आणि जमेल तेवढं धापा टाकल्यासारखं केलं. सर हसत पुढे गेले. तुम्ही मान न वळवता, ओठ न हलवता विचारलंत, "गेला का?"

"गेले."

"लांब?"

"वळणाच्या पलीकडे."

मग तुम्ही टॉर्च मांडीवर आडवा ठेवलात. मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तुजी आय हुती तवापास्नं."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच तेवडं." तुम्ही मफलर सारखा केलात. "दिवस मावळला की ती पुडं चालायची. बांगड्या वाजवत. लोकास्नी वाटायचं, लय नखरा करती बाई. मी आपला आवाजाच्या मागं." मग म्हणालात, "ती गेली आन् रस्ता मुका झाला."

माझ्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्यात काही नव्हतं. मी तेव्हा बांगड्या घालत नसे, शाळेत खडू धरताना अडचण होते म्हणून. आई का एवढा हातभर चुडा भरायची, आणि मी चिडवलं की का नुसती हसायची, ते मला त्या दगडावर बसून कळलं. आणखीही एकेक कळत गेलं. लग्नकार्यात संध्याकाळ झाली की तुम्ही कुठल्या तरी नातवंडाचं बोट धरून फिरायचात, आणि आम्ही म्हणायचो, आबांना पोरांचा किती लळा. पायऱ्यांचा चुना. गटारातलं शेवाळ. मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"मिरजंला जाऊन आलो, तिच्यासंगंच. डोळ्याचा पडदा वाळतोय म्हनं. औशद न्हाई. दिसा दिसतंय तवर दिसंल."

"आबा, भावाला सांगायला हवं."

तेव्हा तुम्ही माझा हात सोडलात. आवाज चढवला नाहीत, पण तो रिपोर्ट देतानाचा आवाज होता. "त्याला कळलं तर घराला कुलूप. तू आईक. त्या घरात मला बॅटरीबिगर बी दिसतंय. दारापास्नं हौद, हौदापास्नं न्हानी, फळीवर काडेपेटी कुटं, समदं पायाला आन् हाताला ठाव हाय. तुज्या सांगलीला मला खोली देशील, कॉट देशील, च्या आणून देशील. पर तितं मी आंधळा हुईन. हितं मी निस्ता अंधारात हाय."

"आणि पडलात तर?"

"फौजेत शिकवत्यात, दिसंना झालं तर हलायचं न्हाई. आज हललो का? न्हाई. पडलो का? न्हाई. गटाराच्या दिवशी हललो, म्हनून पडलो."

मी म्हटलं, "आजही मी नसते तर?"

"तर हितंच बसलो आसतो. त्यानं इचारलं आसतं तर म्हनलो आसतो, दम खातोय." मग जरा मऊ होऊन, "सूर्य काय येनार न्हाई व्हय? येतोच की त्यो."

आणि तो आला. तुमच्या चेहऱ्यावर ऊन पडेपर्यंत आम्ही त्या दगडावर बसलो. तुम्ही एकदा माझ्याकडे, या वेळी बरोबर माझ्याकडे, बघितलंत आणि म्हणालात, "सेटर चांगला हाय. कुटनं घेतला?" उतरताना तुम्ही मला दोन्ही बाजूंची झाडं दाखवत आलात.

भावाला न सांगायचं मी वचन दिलं, पण अटी घालून. उजेड कसाही दिसो, सेल रोज चार्जिंगला लावायचे. वापरले नाहीत तरी लावायचे, कारण ते नुसते ठेवूनही रिकामे होतात, हे मी नंतर आमच्या सायन्सच्या बाईंना विचारून घेतलं. आणि कोटाच्या खिशात दुसरी, छोटी, साध्या सेलची बॅटरी. मोठी विझली की छोटी काढायची आणि लगेच परतायचं. तुम्हाला ती छोटीच जास्त पटली. "ही आपल्या गावची हाय," म्हणालात, "पिवळी पडून सांगती." दर रविवारी बूथवरून तुमचा फोन यायचा. सुरुवात ठरलेली, "बॅटरी चार्ज, मानूस चार्ज." त्यापुढे हवामान, भाजी, पीटीच्या सरांचा गुडघा. मिस्टर विचारायचे, आबा हे काय म्हणतात, आणि मी सांगायचे, फौजी भाषा आहे. दर वेळी सांगलीहून येताना मी बांगड्या घालून यायला लागले. डझनभर काचेच्या. स्टँडवरून घरापर्यंत त्या वाजत यायच्या. तुम्ही त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. फक्त एकदा, मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधी, आतूनच म्हणालात, "आली का माजी गाडी?"

तुम्ही पुन्हा पडला नाहीत. शतक संपत आलं त्या उन्हाळ्यापर्यंत तुम्ही त्याच घरात राहिलात, आणि एका दुपारी जेवून खुर्चीत बसलात ते तिथेच गेलात. भरदिवसा, दार उघडं असताना. शेजारच्या काकू ताकाचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं डुलकी लागलीय. मी संध्याकाळी पोचले. घरात माणसं होती, कुणीतरी दिवा लावलेला होता. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर लाल ठिपका चालू होता. चारही सेल आत, कोमट. मी ते काढले नाहीत. दिवसकार्य होईपर्यंत ते तसेच चार्ज होत राहिले. कागदात तसं करू नका असं लिहिलेलं असेलही, पण तो कागद वाचायला सांगणारं कुणी नव्हतं.

घर आवरताना भावाला कोटाच्या खिशात छोटी बॅटरी सापडली. मग दारापासून हौदापर्यंत कंबरेच्या उंचीवर बांधलेली सुंभाची दोरी त्याने नीट पाहिली, जिच्यावर तुम्ही एखादा टॉवेल कायम टाकून ठेवायचात. मग पायऱ्यांच्या कडा. तो अंगणात बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आबांना दिसत न्हवतं का गं?" मी म्हटलं, "त्यांना शिस्त होती." त्याला कळलं असेल किंवा नसेल. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही आणि आता तो स्वतःच थकलाय, फोनवर फार बोलत नाही. मी बरोबर केलं की चूक, याचा मी अधूनमधून विचार करते. उत्तर येत नाही, पण तुमचा रविवारचा आवाज येतो, आणि तेवढ्यावर मी तो विचार तिथेच ठेवून देते.

आता माझं. मिस्टर गेल्याला काही वर्षं झाली. विश्रामबागेच्या घरात मी एकटी असते. मुलगी पुण्यात, उंच इमारतीत. म्हणते, "आई, आता इकडे ये. लिफ्ट आहे, बाई आहे, तुला स्वतंत्र खोली." चांगल्या मनानेच म्हणते. मी तिच्याकडे चार दिवस राहून आले. तिच्या घरात सगळं गुळगुळीत आणि करड्या रंगाचं आहे. भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं ते दिवे मंद केले की मला कळत नाही. मिरजेला जाऊन आले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का?" मी तुमचं सांगितलं. पडदाच आहे, आबा. तुमचाच. दिवसा चांगलं दिसतं. टॉर्चवाल्याला मी लाईट जाते म्हणून सांगितलं, ते या अर्थाने अगदीच खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी गच्चीच्या जिन्याच्या कडांना पांढरा ऑइलपेंट लावून घेतला. चुना आता कुणी लावत नाही. मुलगी दोन दिवसांसाठी आली होती, म्हणाली, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "फौजी माणसाची मुलगी आहे मी." ती हसली. तिला तुमचा चाफा आणि त्याला ठोकलेले सलाम आठवतात. नवा टॉर्चही तिने हातात घेऊन पाहिला आणि सांगितलं, "आई, लाल दिवा लागला की चार्जिंगला लावायचा, आधी लावायची गरज नाही." मी मान हलवली. लावते मात्र रोजच. तो लाल होईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी फिरायला निघालो. टॉर्च माझ्या हातात होता, उजेडाचा गोळा बरोबर पावलांच्या पुढे. चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, "आई, बंद कर ना तो, कशाला उगीच." मी बंद केला आणि होते तिथेच थांबले. सहज विचारावं तसं विचारलं, "उजाडलं नाही का गं अजून?" मग तिचा हात माझ्या कोपराला लागला, सहज लागावा तसा, आणि ती म्हणाली, "नाही ना. ढग आलेत आज खूप."

तिच्या हातात दोन कडी होती. चालताना ती एकमेकांवर वाजत होती आणि मी त्यांच्या बाजूने चालत होते.

हे पत्र टॉर्चच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे, दुसरीकडे कुठे ठेवायचं ते सुचत नाही. एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाखरं नुसती कालवा करत होती, आबा. मी त्यांच्याबद्दल तिला काही विचारलं नाही. ढग होते की नाही, तेही नाही.